भट्टीवाल्याचा घास

घाटमाथ्यावरच्या एका गावात, जिथे धुकं भरदुपारीही न विचारता घरात शिरत असे, एक कबाबवाला राहत होता. त्याच्यापाशी शेत नव्हतं, गुरं नव्हती. होती ती फक्त एक शेगडी. पण शेगडी अशी, की घाट चढून येणारे वाटसरू गावाचं नाव विसरायचे आणि शेगडी लक्षात ठेवायचे.

माणसाच्या लांबीची ती लोखंडी शेगडी त्याने लोहाराच्या मागे लागून आपल्या मनासारखी घडवून घेतली होती. खाली निखाऱ्यांचा हौद, वर आडव्या सळया. सळयांच्या टोकांना दातेरी चाकं आणि ती सगळी चाकं फिरवणारी एकच मूठ. मूठ फिरवली की सगळ्या सळया एका चालीने फिरायच्या. मांसाची कुठलीच बाजू आगीसमोर फार वेळ थांबायची नाही आणि सुटलेली चरबी खाली पडण्याआधी पुन्हा मांसावरूनच फिरायची. "आच सगळ्यांना सारखी लागली पाहिजे," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. सांगायला ते छानच होतं.

शेगडीचा कोळसा डोंगरावरून यायचा. डोंगर एका ठेकेदाराने घेतला होता आणि त्याच्या हाताखाली एक भट्टीवाला बायकोसह तिथे राहायचा. तो लाकडं रचायचा, त्यांवर पाला आणि माती लिंपायचा, आतून पेटवायचा आणि माती तडकेल तिथे पुन्हा लिंपत भट्टीभोवती फिरत राहायचा. पांढरा धूर निळा व्हायचा, मग थांबायचा. पण धूर थांबला तरी भट्टी उघडायची नसते. वरून माती टणक दिसते, आत लाकूड खचून पोकळी झालेली असते आणि त्या पोकळीत आग जागी असते. मातीवर तळहात टेकायचा आणि तो गार लागेपर्यंत थांबायचं, एवढाच त्यावर उपाय.

गावात एक रीत होती. नवा कोळसा शेगडीत पडला की पहिल्या सळईवरचा पहिला तुकडा भट्टीवाल्याचा. भट्टीवाला कोळशाच्या गोण्यांबरोबर स्वतः खाली यायचा, शेगडीच्या डाव्या अंगाला उभा राहायचा, तो तुकडा तोंडात टाकायचा आणि डोळे मिटून चावायचा. त्याच्या मनगटात तांब्याचं जुनं कडं होतं. हात वर गेला की ते घसरत कोपरापर्यंत यायचं. खाऊन झालं की तो दर खेपेला एकच गोष्ट सांगायचा, "मीठ कमी आहे."

"डोंगरावर सगळ्यांच्या जिभा अशाच जळक्या असतात का रे?" कबाबवाला विचारायचा.

"जीभ धड आहे माझी," भट्टीवाला म्हणायचा. "वर घाम जातो आमचा. तेवढं मीठ परत मिळायला नको?"

लोक हसायचे. तोही हसायचा, मुंडाशाच्या टोकाला हात पुसायचा आणि डोंगर चढू लागायचा.

एका वर्षी गावची जत्रा तोंडावर आली आणि कबाबवाल्याकडचा कोळसा तळाला गेला. त्याने ठेकेदाराला निरोप धाडला, की जत्रेआधी कोळसा हवा, नाहीतर मी पलीकडच्या डोंगरावरून आणतो. ठेकेदाराने उलट निरोप धाडला, की भट्टी झाकलेली आहे, पण भट्टीवाला म्हणतो माती अजून ऊन लागते.

कबाबवाला तेव्हा मसाला वाटत होता. मानही वर न करता तो म्हणाला, "त्याला सांगा, जत्रा भट्टीसाठी थांबत नाही."

त्यानंतर एका सकाळी डोंगरावरून एक हाक आली. एकच. ती गावात प्रत्येकाने ऐकली. विहिरीवर रहाट थांबला. देवळात पुजाऱ्याच्या हातातली घंटा थांबली. मग कुणीतरी म्हणालं, मोर असेल. कुणी म्हणालं, कोल्हा असेल. मोर असा ओरडत नाही आणि दिवस वर आल्यावर कोल्हा ओरडत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घंटा पुन्हा वाजू लागली.

पुढे कोळसा आला. गोण्या लादलेली गाढवं आली, गाढववाला आला. भट्टीवाला आला नाही. कबाबवाल्याने विचारायला तोंड उघडलं, पण गाढववाला दोरांच्या गाठी सोडण्यात फारच गुंतलेला दिसला. कबाबवाल्याने तोंड मिटलं. गाढववाल्याने गोण्या उतरवल्या आणि जनावरांना पाणीही न दाखवता तो निघून गेला.

मोठे कोळसे फोडताना कबाबवाल्याच्या हाताला काहीतरी लागलं. एका कोळशात रुतलेलं, एका बाजूने वितळून वाकडं झालेलं तांब्याचं कडं होतं ते. त्याने ते ओळखलं. न ओळखण्यासारखं त्यात काही नव्हतं. जे व्हायचं ते होऊन गेलं, असं त्याने स्वतःला समजावलं. आता बोललो तर कोतवाल डोंगरावर जाणार, ठेकेदार कोळसा बंद करणार आणि ऐन जत्रेत शेगडी गार पडणार. जत्रा होऊ दे, मग बघू. त्याने कडं मिठाच्या मडक्याच्या तळाशी घातलं आणि वर मीठ ओतलं.

मग त्याने शेगडी पेटवली.

कोळसा पहिल्या ठिणगीला धरला. धूर नाही, तडतड नाही. सळया फिरू लागल्या, मांसाला रंग चढला, वास पार वेशीपर्यंत गेला. त्या वासाने पहिला आला तो कोतवाल.

"आज तुझा मीठवाला दिसत नाही तो?" तो म्हणाला आणि उत्तराची वाट न बघता पुढे बोलला, "त्याचा घास आण इकडे. अन्न वाया घालवू नये."

कबाबवाल्याने पहिल्या सळईवरचा पहिला तुकडा काढून दिला. कोतवालाने चावला आणि लगेच थुंकला. बाकी सगळे तुकडे नीट भाजले होते. हा एकच आतून-बाहेरून कच्चा होता आणि ओढ्यातल्या दगडासारखा गार. कबाबवाल्याने तो कुत्र्यापुढे टाकला. कुत्रं वास घेऊन मागे सरकलं आणि शेपूट पायांत घालून बसलं. त्या दिवसानंतर ते शेगडीकडे फिरकलं नाही.

कोतवालाने दुसरा तुकडा खाल्ला. "हा बरा आहे," तो म्हणाला. "मीठ मात्र कमी आहे."

संध्याकाळी शेगडी झाडायला बसल्यावर कबाबवाल्याच्या लक्षात आलं, की हौदात राख नाही. चिमूटभरही नाही. निखारे होते तेवढेच होते, होते तसेच लाल होते. दुसऱ्या दिवशीही तसेच, आणि पहिल्या सळईवरचा पहिला तुकडाही पुन्हा तसाच कच्चा. त्याने पाणी शिंपडून पाहिलं. चर्र असा आवाजदेखील झाला नाही. पाणी निखाऱ्यांवर पडलं आणि दिसेनासं झालं.

ज्याला न संपणारा कोळसा मिळाला तो माणूस आधी घाबरतो की आधी खूश होतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावं. कबाबवाला खूश झाला. मूठ सोडली तरी सळया आपल्या आपण फिरत राहायच्या, तेही त्याने चालवून घेतलं. चाकांना नवं तेल घातलंय, असं तो गिऱ्हाइकांना सांगू लागला.

पण गिऱ्हाईक दर घासाला एकच बोलू लागलं. मीठ कमी आहे. वाटसरू बोलला, पुजारी बोलला, ज्याला कशाचीच चव कळत नाही असा गावचा मुका म्हाताराही खुणेने तेच सांगून गेला. कबाबवाल्याने मुरवणात मीठ वाढवलं, वरून भुरभुरलं. उपयोग झाला नाही. गिऱ्हाइकांची थट्टा सुरू झाली. एक म्हणाला, मडकं तिजोरीत ठेवतोस काय. दुसरा म्हणाला, ह्याचं मीठ खाल्लं तरी ह्याला जागायला नको, कारण ते लागतच नाही.

एकदा दुपारी धुकं इतकं दाटलं की समोरचं झाड दिसेना. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. कबाबवाल्याला एक विचित्र गोष्ट दिसली. धुकं सगळीकडे भरलं होतं, शेगडीच्या खालीही शिरलं होतं. फक्त शेगडीच्या डाव्या अंगाला एक जागा मोकळी होती. उभ्या माणसाएवढी. त्या मोकळ्या जागेतून पलीकडची भिंत लख्ख दिसत होती आणि त्या जागेच्या चहूबाजूंनी धुकं थबकून उभं होतं, माणसाला चुकवून जावं तसं.

"मीठ कमी आहे," तिथून कुणीतरी म्हणालं. रागाने नव्हे. नेहमीसारखंच.

कबाबवाला घरात गेला आणि दार लावून बसला. सळया बाहेर फिरत राहिल्या.

त्याच आठवड्याच्या बाजाराला भट्टीवाल्याची बायको डोंगर उतरून आली. ती आधी ठेकेदाराकडे जाऊन आली होती. तो म्हणाला होता, तुझा नवरा उचल घेऊन कोकणात पळाला. कोतवाल म्हणाला होता, पळालेल्या माणसाला मी कुठे शोधू. पुजारी म्हणाला होता, मेल्याचा पुरावा नाही तर मी विधी कसला सांगू. ती ज्या दिवसांत माहेरी गेली होती, त्याच दिवसांत भट्टी उघडली होती. परत आली तर नवऱ्याचं अंथरूण तसंच होतं, कुऱ्हाड तशीच होती आणि भट्टीच्या जागी माती सारवून सपाट केलेली होती.

कबाबवाल्यासमोर ती शांतपणे बोलली. "दादा, मला लांबण लावायची नाही. कोळसा खाली आला तेव्हा त्यांनी घास खाल्ला का? खाल्ला असेल तर ते जिवंत खाली आले, मग कुठे का गेले असेनात. तो घास ते चुकवणार नाहीत."

कबाबवाला शेगडीच्या मुठीकडे बघत राहिला. "गर्दी होती. लक्षात नाही."

"मी कुंकू लावू की पुसू, एवढंच सांगा. लावते तेव्हा खोटं वाटतं. पुसायला जाते तेव्हा पाप वाटतं. त्यांची राख मिळाली असती तर नदीत सोडून मोकळी झाले असते. तीही नाही."

"मला ठाऊक नाही," कबाबवाला म्हणाला. पानावर एक कबाब ठेवून त्याने तिच्यापुढे केला. तिने तो घेतला नाही. ती वळताच निखारे एकदम फुलले आणि कबाबवाल्याच्या भुवया करपल्या.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली. तेच विचारलं, तेच उत्तर मिळालं. या वेळी ती लगेच गेली नाही. शेगडीच्या डाव्या अंगाला, त्या मोकळ्या जागेच्या शेजारी ती बसली आणि निखाऱ्यांपुढे हात धरून बराच वेळ शेकत राहिली. जाताना एवढंच म्हणाली, "ही ऊब ओळखीची वाटते." कबाबवाल्याने मडक्यात वरून आणखी मीठ ओतलं. जत्रा परवावर आली होती.

जत्रेचा दिवस उजाडला. घाटाच्या दोन्ही बाजूंनी माणसं आली. शेगडीपुढे एवढी दाटी झाली की खांद्याला खांदा लागला. तरी डाव्या अंगाची ती जागा कुणी घेतली नाही. का घेतली नाही, हे कुणालाच सांगता आलं नसतं. कोतवाल होता, पुजारी होता, गाढववाला होता. ठेकेदार घोड्यावरून उतरून पुढे येऊन उभा होता. भट्टीवाल्याची बायकोही आली होती आणि तिच्या जागी बसली होती.

कबाब उतरत होते आणि ओरडा वाढत होता. मीठ टाक रे. अजून टाक. हात आखडतोस कशाला? कबाबवाला मडक्यात हात घालत होता आणि मुठी मुठीने मीठ उधळत होता. मडकं अर्धं झालं, मग पाव झालं. मग त्याचा हात कोपरापर्यंत आत गेला आणि बोटं तळाला टेकली.

तिथे कडं होतं. भट्टीतून आत्ताच काढल्यासारखं तापलेलं.

त्याने ते मुठीत धरलं आणि हात बाहेर काढला. मुठीतून धूर येत होता. भट्टीवाल्याची बायको त्याच्या मुठीकडे बघत उठून उभी राहिली.

ठेकेदार हसला. हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची, कबाबवाले. मीठ टाका आणि धंदा करा."

त्यात खोटं काहीच नव्हतं. समोर निखाऱ्यांचा हौद होता. मूठ त्यावर नेऊन सोडली असती तर तांबं वितळलं असतं, शेगडी जन्मभर अशीच पेटलेली राहिली असती आणि कोळशासाठी त्याला कधीच कुणाची वाट बघावी लागली नसती. कबाबवाल्याने हात हौदावर नेलाही. तेव्हा बाजूच्या रिकाम्या जागेतून कुणीतरी घास गिळल्यासारखा आवाज आला. पुढे काय म्हटलं जाईल, हे त्याला ठाऊक होतं. ते पुन्हा एकदा ऐकायची ताकद त्याच्यात उरली नव्हती.

त्याने मूठ उघडली. कडं तळहाताच्या कातडीला चिकटलं होतं.

"वहिनी, कुंकू पुसा," तो म्हणाला. "तो भट्टीत पडला. हे त्याच्याच कोळशात सापडलं. भट्टी गार झाली नव्हती आणि हे त्याने सांगितलंही होतं. तरी भट्टीवर चढायला या ठेकेदाराने लावलं. पण घाई माझी होती."

सळया थांबल्या. निखाऱ्यांवर एक पांढरी साय धरली, ती पसरत गेली आणि बघता बघता सगळा हौद राखेने भरला. इतक्या दिवसांची राख, एका श्वासात. मऊ आणि गार. पहिल्या सळईवरचा पहिला तुकडा, जो या कोळशावर त्या दिवसापर्यंत एकदाही शिजला नव्हता, तो आता भाजून तयार होता आणि त्यातून वाफ येत होती.

भट्टीवाल्याच्या बायकोने कपाळावरचं कुंकू पुसलं. पदर पसरून हातांनी राख भरली. त्यावर कडं ठेवलं, सळईवरचा तो घास काढून ठेवला आणि पदराला गाठ मारली. मग तिने मान वर करून सगळ्यांकडे एकेक करत पाहिलं.

"त्यांनी हाक मारली असेल," ती म्हणाली. "ते मुकाट्याने जाणारे नव्हते. ऐकली ना तुम्ही?"

कोतवालाने पुजाऱ्याकडे पाहिलं, पुजाऱ्याने जमिनीकडे. गाढववाला रडू लागला. त्याच वेळी कबाब खाल्लेल्या प्रत्येकाच्या जिभेवर मीठ आलं. कुणी एकदा खाल्लं होतं, कुणी रोज खाल्लं होतं. जेवढं मीठ पोटात गेलं होतं आणि लागलं नव्हतं, ते सगळं एकदम लागलं. माणसं विहिरीकडे धावली. ओंजळीने प्यायली, मग बादलीला तोंड लावून प्यायली. पाणीही खारट लागत होतं. त्या गावाची तहान पुढे किती दिवस भागली नाही ते गाव सांगत नाही. पण आजही तिथे पाहुण्याच्या पानात आधी मीठ वाढत नाहीत.

ठेकेदाराचं काय झालं, असं ही गोष्ट ऐकून मुलं विचारतात. त्यांना खोटं सांगू नये. ठेकेदाराला काही झालं नाही. त्याच्या जिभेवर मीठ आलं नाही, कारण त्याने त्या शेगडीवरचा एकही कबाब खाल्ला नव्हता. आपल्या डोंगरावरच्या कोळशावर शिजलेलं तो कधीच खात नसे. लोक विहिरीवर झुंबड करत असताना तो घोड्यावर बसला आणि घाट उतरून गेला. त्याला अडवायचं काम कोतवालाचं होतं आणि कोतवाल पाणी पीत होता.

कबाबवाल्याचा हात बरा झाला, पण तळहातावर कड्याचा अर्धगोल राहिला. आता तो डोंगरावर जाऊन स्वतः भट्टी लावतो. धूर थांबला की तोच तळहात मातीवर टेकतो आणि थांबतो. खाली गिऱ्हाईक खोळंबतं, शिव्या देतं, त्याचं तो काही मनावर घेत नाही. नवा कोळसा शेगडीत पडला की पहिला घास पानावर ठेवून तो भट्टीवाल्याच्या बायकोच्या दारी नेतो. ती पान घेते आणि सारवलेल्या त्या सपाट जागेवर ठेवून येते. त्याच्याशी ती अजून बोललेली नाही.

ठेकेदाराने पलीकडचा डोंगर घेतला आहे. तिथेही भट्टी झाकलेली आहे आणि माती अजून ऊन आहे. त्या डोंगराखालच्या गावातही एकाने झकास शेगडी घडवून घेतली आहे आणि त्यांचीही जत्रा जवळ आली आहे.

तात्पर्य: गरम घास पानात पडला की तो भाजणाऱ्याला शाबासकी द्यावी, पण ज्याच्या घामावर तो शिजला तो माणूस घरी पोचला का, हे आधी विचारावं. हाक ऐकूनही जो मोर म्हणतो, त्याचा हात त्या भट्टीच्या मातीला लागलेला असतो.